एक घाव, एक ढलपी

विपुकिर्वेस हातात घेतली की लोहाराचा हात चुकला असावा, असंच आधी वाटतं. पातं दांड्याच्या सरळ रेषेत नाही. धार एकीकडे, पोलादाचा गोळा दुसरीकडे झुकलेला, आणि त्याच बाजूला एक बोथट कान बाहेर आलेला. दांडा सैल धरला की ही कुऱ्हाड आपण होऊन एका कुशीवर कलंडते. ती घडवली फिनलंडच्या हेइक्की कॅर्ना यांनी. त्यांची नोकरी विमानतळावर, हवाई वाहतूक नियंत्रकाची होती. विपुकिर्वेस म्हणजे तरफेची कुऱ्हाड. 2014 मध्ये तिची चित्रफीत जगभर पसरली. जुन्या टायरमध्ये उभा केलेला बर्च नावाच्या झाडाचा जाडजूड ओंडका, आणि त्याच्या कडेकडेनं टकाटक निघणाऱ्या ढलप्या. कुठेही अडकणं नाही, ओढून काढणं नाही. तेव्हापासून सरपण फोडणाऱ्या मंडळींत वाद सुरू आहे: कुऱ्हाडीत खरोखर सुधारणा झाली आहे, की हे नुसतं चित्रफितीत शोभणारं कौतुक आहे?

मला ही कुऱ्हाड चालवून पाहायला मिळाली. नेहमीच्या फोडकुऱ्हाडी, घण-पाचर आणि लाकूड फोडायच्या इतर युक्त्याही मी वापरल्या आहेत. त्या सगळ्यांकडे एकत्र पाहिल्यावर माझं मत असं झालं की हा वाद कुऱ्हाडीचा कमी आणि लाकडाचा जास्त आहे. कोणतं लाकूड कुठे आणि का फुटतं हे कळलं, की कोणती कुऱ्हाड घ्यावी याचं उत्तर जवळजवळ आपोआप मिळतं.

मुळात लाकूड फोडायचं कशाला? जाड ओंडका चुलीत मावत नाही, हे एक कारण. खरं कारण पाणी आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असतं. जाळताना उष्णतेचा मोठा वाटा ते पाणी वाफ करून घालवण्यातच जातो. पाण्याचा अंश 20 टक्क्यांवर आला की एक किलो लाकडातून सुमारे चार युनिट उष्णता मिळते. निम्मं पाणी असलेल्या लाकडातून दोनच्या आसपास. म्हणजे ओलं लाकूड जाळणारा माणूस दुप्पट लाकूड वाहतो आणि वर धूरही खातो. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात 20 टक्क्यांहून जास्त पाणी असायला कायद्यानं बंदी आहे, ती याच कारणानं. पाणी लाकडातून बाहेर पडतं ते कापलेल्या तोंडांतून आणि फोडलेल्या अंगातून. सालीतून ते फारसं निघत नाही. बर्चची साल तर इतकी पाणबंद असते की नॉर्वे-फिनलंडमध्ये जुन्या घरांच्या गवती छपराखाली तिचेच थर अंथरत. तो ओंडका न फोडता तसाच ठेवला तर सालीच्या आतल्या आत कुजतो. म्हणून उत्तरेकडचे लोक हिवाळ्याच्या शेवटी झाडं पाडतात, वसंतात फोडून रचतात आणि उन्हाळाभर वारं लागू देतात.

आपल्या कोकणात आणि गोव्यातही तोच हिशेब उलट ऋतूंत चालतो. पावसाच्या आधी फाटी फोडून, वाळवून पडवीत किंवा मांगरात रचली नाहीत, तर आगोटीची बाकी सगळी तयारी असूनही मृगानंतर चूल नुसती धुमसत राहते. तिकडे थंडीची बेगमी, इकडे पावसाची.

उत्तर युरोपात या बेगमीला किती मान आहे ते एका पुस्तकावरून कळतं. नॉर्वेच्या लार्स मितिंग यांनी 2011 मध्ये सरपणावर एक पुस्तक लिहिलं: झाड कसं निवडावं, कसं फोडावं, कसं रचावं. ते लाखांनी खपलं. त्यावरून तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीनं फेब्रुवारी 2013 मध्ये सलग बारा तासांचा कार्यक्रम केला, त्यात बराच वेळ शेकोटी जळताना दाखवली. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या त्या लाकूड रचताना साल वर ठेवावी की खाली यावरून. मला या लोकांचं कौतुक वाटतं. रोजच्या कष्टाच्या कामात इतका जीव गुंतवणारा समाज त्या कामाची अवजारंही मनापासून घडवतो. फिनलंडमध्ये तर 55 लाख लोकांमागे सुमारे 30 लाख सौना, म्हणजे वाफेची स्नानघरं, आहेत, आणि 2020 मध्ये तिथल्या सौना-परंपरेला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. गावाकडच्या आणि तलावाकाठच्या सौना बहुतेक लाकडावर तापतात, आणि त्यांच्यासाठी पहिली पसंती बर्चला. विपुकिर्वेस बर्चच्या मुलखात जन्मली, हे पुढच्या सगळ्या हिशेबात लक्षात ठेवायला हवं.

आता लाकडाचं अंतरंग. झाडाचं खोड म्हणजे उभ्या, पोकळ, लांबट पेशींची मोळी. त्या पेशी लांबीच्या दिशेनं ताणल्या तर लाकूड प्रचंड ताकद दाखवतं; पण त्यांना एकमेकींपासून बाजूला ओढलं तर ताकद वीसपटींहूनही कमी भरते. हा कमकुवतपणा आहे म्हणूनच लाकूड फुटतं. करवतीला एकेक तंतू कापावा लागतो. कुऱ्हाडीला फक्त पहिली फट पाडायची असते. पुढे ती फट धारेच्या पुढे पुढे पळते आणि पात्याचे गाल तिला रुंद करत जातात. चांगला फुटणारा ओंडका पाहिला तर धार तळापर्यंत कधी पोचतच नाही. पातं चार बोटं आत जातं आणि ओंडका आधीच दुभंगलेला असतो.

पण सगळी लाकडं इतकी गुणी नसतात. फांदी जिथे फुटते तिथे गाठ बसते आणि तंतू तिच्याभोवती वळसे घेतात; तिथे फट थांबते. काही झाडांत दर काही वर्षांनी तंतूंचा कल बदलतो, एक थर डावीकडे तर पुढचा उजवीकडे, आणि थर एकमेकांत गुंततात. युरोपातला एल्म याबाबत कुप्रसिद्ध आहे. तो फुटत नाही म्हणूनच तिथले सुतार घोडागाडीच्या चाकाचा मधला गोळा एल्मचा करत, कारण सगळे आरे त्यात ठोकून बसवले तरी तो तडकत नसे. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकासाठी बाभूळ निवडली गेली ती याच चिवटपणासाठी. चाकाला जे लाकूड उत्तम ते फोडायला महाकठीण, आणि फोडायला जे सोपं ते चाकाला कुचकामी. ही गोष्ट दोन्ही मुलखांतल्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

ओलाव्याचाही प्रश्न आहे. बर्च, स्प्रूस, पाइन ताजी असतानाच सहज फुटतात, वाळली की चिवट होतात. कडाक्याच्या थंडीत तर आतलं पाणी गोठून लाकूड ठिसूळ होतं आणि घाव बसताच काचेचा आवाज करत उघडतं. वर्षभर पडून राहिलेल्या गाठाळ ओंडक्यावर अवजार पारखणं म्हणजे अवजारावर अन्याय. आणि गोठलेल्या ताज्या बर्चवर पारखणं म्हणजे विकत घेणाऱ्यावर. जाहिरातीत दुसरा प्रकार नेहमी असतो, तेव्हा कुठल्याही कुऱ्हाडीची चित्रफीत पाहताना आधी ओंडका पाहावा.

फोडायची कुऱ्हाड आणि तोडायची कुऱ्हाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या घरोघरची कुऱ्हाड बहुधा दोन्ही कामं करते आणि म्हणूनच दुसऱ्या कामात अडखळते. तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं, कारण तिला तंतू कापत आत शिरायचं असतं. तेच पातं उभ्या ओंडक्यावर घातलं तर खोल रुततं आणि दोन्ही गालांवर लाकडाची पकड बसते. मग दांडा वरखाली हलवत बसायचं. फोडकुऱ्हाडीचं पातं धारेपाशी बऱ्यापैकी पातळ आणि मागे झपाट्यानं जाड होत जातं. पातं फार जाड केलं तर ते आत शिरतच नाही, टणकन उडतं. फार पातळ ठेवलं तर रुततं. फोडकुऱ्हाड बनवण्याचं सगळं कौशल्य या दोन टोकांच्या मध्ये आहे.

वजनाबद्दल बराच गैरसमज आहे. जड घणकुऱ्हाड म्हणजे जोरदार, असं सगळ्यांनाच वाटतं. पण घावाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. चार किलोचं डोकं सेकंदाला सात मीटर वेगानं आलं तर 98 ज्यूल. दोन किलोचं डोकं दहा मीटर वेगानं आलं तर 100. म्हणजे निम्मं वजन जवळपास दीडपट वेगानं आणता आलं तर काम तेवढंच होतं, आणि प्रत्येक वेळी दोन किलो लोखंड कमी उचलावं लागतं. दिवसभर फोडायचं असेल तर खांद्याला हा फरक संध्याकाळी कळतो. जड डोक्याचा फायदा एकाच ठिकाणी आहे: गाठाळ, चिवट ओंडक्यात पातं थांबू पाहतं तेव्हा मागचं वजन त्याला ढकलत राहतं.

गेल्या काही दशकांत साध्या फोडकुऱ्हाडी फार सुधारल्या, आणि विपुकिर्वेसची खरी स्पर्धा त्यांच्याशी आहे. आपल्या परसातल्या बोथट कुऱ्हाडीशी तिची तुलना करून काही कळायचं नाही. फिनलंडचीच फिस्कार्स ही कंपनी 1649 मध्ये त्याच नावाच्या गावातल्या लोखंडाच्या भट्टीपासून सुरू झाली. भारतात ती नारिंगी मुठीच्या कात्र्यांमुळे ओळखीची आहे. तिची एक्स-27 ही फोडकुऱ्हाड सुमारे 91 सेंटिमीटर लांब आणि एकूण अडीच किलोंपेक्षा थोडी जास्त. काचतंतूंनी बळकट केलेल्या प्लास्टिकचा पोकळ दांडा पात्याभोवतीच ओतलेला असतो, त्यामुळे पातं निसटून उडण्याची भीती नाही. मात्र दांडा मोडला तर नवा बसवता येत नाही. दुसऱ्या टोकाला स्वीडनची ग्रेन्सफोर्श ब्रुक, 1902 पासूनची लोहारशाळा. तिथे प्रत्येक पात्यावर ते घडवणाऱ्या लोहाराच्या नावाची आद्याक्षरं ठोकलेली असतात. हिकरी लाकडाचा दांडा, हातानं घडवलेलं पातं आणि त्याला साजेशी किंमत. मला हे आद्याक्षरांचं फार आवडतं. पाणी दिलेलं पोलाद नीट उतरलं की नाही, याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर राहते.

या दोन्ही कुऱ्हाडी सरळ पाचरीच्या तत्त्वावर चालतात. वेगळी वाट शोधायचा एक गंभीर प्रयत्न अमेरिकेत 1970 च्या दशकात झाला होता. 1973 च्या तेलसंकटानंतर तिथे लाकडाच्या शेगड्या पुन्हा घरात आल्या आणि हातानं लाकूड फोडणारे शहरी लोक वाढले. तेव्हा चॉपर वन नावाची कुऱ्हाड निघाली. तिच्या पात्याच्या दोन्ही गालांवर खिळीवर फिरणाऱ्या दोन छोट्या तरफा होत्या. पातं आत शिरलं की तरफांची टोकं लाकडाच्या माथ्यावर आपटत, तरफा फिरत आणि दोन्ही अर्धुकं बाहेर ढकलत. खालच्या दिशेचा जोर आडवा वळवायचा हीच कल्पना, पण हलत्या भागांनी साधलेली. खिळ्या आणि स्प्रिंगा असलेलं अवजार दर घावाला आपटायचं म्हटल्यावर झीज आलीच, शिवाय सालीचा भुगाही सांध्यात जाऊन बसतो. कल्पना योग्य होती, पण अवजार गुंतागुंतीचं झालं.

कॅर्ना यांनी तोच आडवा जोर एकही हलता भाग न वापरता मिळवला, आणि हे त्यांचं खरं यश. विपुकिर्वेसची धार लाकडात जेमतेम शिरते आणि थांबते. पण डोक्याचा गुरुत्वमध्य धारेच्या रेषेत नाही, बाजूला आहे. त्यामुळे धार थांबली तरी ते वजन खाली येतच राहतं आणि सगळं डोकं धारेभोवती फिरतं. फिरता फिरता तो बाहेर आलेला कान ओंडक्याच्या उरलेल्या माथ्यावर टेकतो. तिथे टेकू मिळाला की धार ढलपीला बाहेरच्या बाजूला उचकटते. घट्ट बसलेल्या तुपाच्या डब्याचं झाकण आपण चमच्याच्या दांड्यानं उचकटतो तसंच. फक्त इथे चमचा आदळण्याच्या जोरावर स्वतःच फिरतो. गालांच्या घर्षणात वाया जाणारी ऊर्जा वळणात जाते. आणि कान माथ्यावर टेकल्यामुळे पातं खोल जाऊच शकत नाही, म्हणून ते रुतत नाही.

फिनलंडमध्ये एस्पो इथल्या एका मराठी कुटुंबाच्या ओळखीनं, तलावाकाठच्या एका लाकडी कुटीच्या अंगणात मी ती चालवली. ओंडका बर्चचा, गुडघ्याएवढ्या उंचीचा, दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल इतका जाड, जुन्या मोटारीच्या टायरमध्ये उभा केलेला. घाव मधोमध घालायचा नाही. कडेपासून चार बोटं आत, सालीला समांतर. आणि घाव बसायच्या क्षणी मूठ सैल सोडायची. हे सांगायला सोपं आहे, पण जन्मभर कुऱ्हाड आवळून धरलेल्या हातांना ते पटत नाही. मूठ आवळलेली राहिली तर फिरणारं डोकं सगळा पीळ मनगटात सोडतं आणि ढलपी अर्धवट लोंबत राहते. मूठ सैल राहिली की ‘टक्‌’ असा कोरडा, आखूड आवाज येतो, ढलपी पांढऱ्या सालीसकट बाहेर सरकून टायरला टेकते आणि कुऱ्हाड ओंडक्याच्या माथ्यावर आडवी निजलेली असते. ती न ओढता उचलायची, एक पाऊल सरकायचं, पुढचा घाव. ओंडक्याभोवती फेरी पूर्ण झाली की तो सगळ्या बाजूंनी चार बोटं आत आलेला असतो. मग दुसरी फेरी. ही लय एकदा बसली की काम सुखाचं वाटतं, आणि पाठीला नेहमीसारखे हिसके बसत नाहीत. जाड, सरळ रेषेच्या, गाठी नसलेल्या ओंडक्यावर ही कुऱ्हाड अव्वल आहे हे मी खात्रीनं सांगेन. अशा ओंडक्याच्या मधोमध साधी फोडकुऱ्हाड पहिल्या घावात सहसा रुतते.

पण त्याच अंगणातल्या इतर लाकडांवर चित्र बदललं. मांडीएवढ्या जाडीचा बर्च घेतला तर साधी फोडकुऱ्हाड एका घावात त्याचे दोन तुकडे करते, आणखी दोन घावांत चार. तिथे कडेकडेनं सोलत बसणं म्हणजे वेळ घालवणं. गाठीपाशी तर विपुकिर्वेस हतबल होते. धार जेमतेम शिरते हा तिचा गुण तिथे दोष ठरतो, कारण गाठीतून फट पुढे पळत नाही. ती ढकलत न्यावी लागते, आणि ढकलायला खोल शिरणारी पाचर हवी. तंतू गुंतलेल्या लाकडातही तेच. शिवाय ढलपी निघते ती चपटी आणि रुंद. चहाच्या पातेल्याखाली जाळ घालायला ती उत्तम, पण रात्रभर धग धरणाऱ्या शेगडीत जाड फोडी लागतात. त्या या कुऱ्हाडीनं सहज निघत नाहीत.

किमतीचंही सांगायला हवं. विपुकिर्वेस महाग पडते. उत्तम फोडकुऱ्हाड तिच्या निम्म्याहून कमी किमतीतही मिळते.

गाठाळ ओंडक्याला आजही घण आणि पोलादी पाचर यांना तोड नाही. आपल्या गावोगावच्या वखारींत हेच चालत आलं आहे: ओंडक्याच्या माथ्यावर आधीच पडलेली वाळकी चीर हेरायची, तिच्यात पाचर हलक्या हातानं उभी करायची, मग घणाचे घाव. पहिली पाचर अडकली तर तिनंच पाडलेल्या फटीत दुसरी, आणि पहिली आपोआप सुटते. वखारीतला अनुभवी माणूस घण कमी मारतो आणि ओंडका फिरवून जास्त पाहतो. पाचरीचा माथा मार खाऊन छत्रीसारखा पसरतो. त्या कडा वेळोवेळी घासून काढल्या नाहीत तर पोलादाचे तुकडे गोळीसारखे उडतात आणि डोळ्यात जातात. कुऱ्हाड अडकली म्हणून तिच्याच पाठीवर घण घालायची सवयही सोडावी. त्यानं दांडा बसवलेलं भोक फाकतं आणि कुऱ्हाड कायमची ढिली होते.

छोट्या ढलप्या काढायला मात्र कुऱ्हाडच नको, असं मी म्हणेन. एका हातात लाकूड धरायचं आणि दुसऱ्या हातानं कुऱ्हाड घालायची, यात जितकी बोटं गेली तितकी मोठ्या ओंडक्यांवर गेली नसतील. यावर न्यूझीलंडच्या आयला हचिन्सन या शाळकरी मुलीनं सुंदर उत्तर शोधलं. ढलप्या काढताना आईच्या बोटाला इजा झाली, म्हणून तिनं 2013 मध्ये शाळेच्या विज्ञानप्रकल्पात एक लोखंडी चौकट केली, तिच्या तळाशी धार वर करून बसवलेली पाचर. लाकूड चौकटीत उभं करायचं आणि वरून हातोडीनं ठोकायचं. धार जागची हलत नाही, लाकूडच खाली येतं आणि बोटं धारेजवळ जातच नाहीत. आज ते अवजार ओतीव लोखंडात अनेक देशांत विकलं जातं. नावीन्याच्या दृष्टीनं मी याला विपुकिर्वेसच्या वरचा नंबर देईन, कारण ज्या घरात फक्त चूल किंवा शेगडी पेटवायला काटक्या-ढलप्या लागतात त्या घरातल्या कुणालाही, म्हाताऱ्या माणसालाही, ते वापरता येतं. स्वीडनमध्ये याच जातीचं आणखी एक अवजार आहे: खालच्या ठोकळ्यात एक सळई ठोकून बसवायची आणि तिच्यावरून घसरत येणारं वजन पाचरीवर आपटायचं. नेम धरायची गरजच नाही. काम संथ होतं, पण पायावर घाव येण्याचा प्रश्न उरत नाही.

पायावरचा घाव हा या सगळ्या कामातला सर्वांत मोठा धोका, आणि त्याचं कारण बहुतेकांना उलटं वाटतं. आखूड दांड्याची कुऱ्हाड जास्त धोक्याची. नेम चुकला तर तिचा फेरा नडगीत येऊन संपतो. लांब दांड्याची कुऱ्हाड पायाआधी जमिनीत किंवा खालच्या ठोकळ्यात रुतते. म्हणून फोडायचा ओंडका नेहमी दुसऱ्या बुटक्या, रुंद ठोकळ्यावर आणि आपल्यापासून दूरच्या कडेला ठेवावा. पाय फाकलेले असावेत आणि घाव उतरताना गुडघे वाकवावेत, म्हणजे पातं कमान करून अंगाकडे येत नाही, सरळ खाली जातं. विपुकिर्वेस इथे खरोखर सरस आहे: ती माथ्यावर आडवी होऊन थांबते, त्यामुळे खाली निसटण्याचा संभव कमी. मात्र तिच्या ढलप्या बाजूला उडतात, म्हणून आजूबाजूला पोरंबाळं नकोत. ओंडक्याला टायर घालण्याची युक्ती कुठल्याही कुऱ्हाडीला लागू पडते. तुकडे पसरत नाहीत, प्रत्येक वेळी वाकून उचलावे लागत नाहीत, आणि चुकलेला घाव रबरावर बसतो. जुना टायर गावात फुकट मिळतो. मला वाटतं, या आढाव्यातली सर्वांत जास्त उपयोगाची वस्तू तीच आहे.

मराठी मुलखात विपुकिर्वेस चालेल का? आपलं घरगुती सरपण बहुतेक काटक्याकुटक्यांचं, तुराट्या-पऱ्हाट्यांचं आणि छाटलेल्या फांद्यांचं असतं. ते कोयत्यानं किंवा हातानं मोडूनच भागतं. ओंडका फोडायची वेळ येते ती बाभूळ, आंबा, चिंच अशा झाडांवर, आणि ही झाडं गाठाळ किंवा पिळाची. तिथे या कुऱ्हाडीचा टिकाव लागणार नाही. सुरू चटकन फाटतो, पण त्याचं खोड फारसं जाड होत नाही, त्यामुळे कडेकडेनं सोलायची गरज नाही. कामाला साजेसं अवजार घडवायची विपुकिर्वेसमागची कल्पना मात्र आपल्याकडे फुकट जाऊ नये. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं सुधारित चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. अशा चुलीचं तोंड लहान असतं, आणि तिला बारीक, वाळलेल्या फोडी मिळाल्या तरच ती कमी धूर करते. सरपण फोडण्याचं काम अनेक घरांत बाईच्या वाट्याला येतं, आणि तिच्या हातात असते तीच बोथट, ढिल्या दांड्याची, सर्व कामांची कुऱ्हाड. गॅस घरात आल्यावरही अंघोळीच्या पाण्याचा बंब आणि परसातली चूल लाकडावरच राहिली आहे, म्हणून हा प्रश्न संपलेला नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. दरवर्षी ढिगानं जाड, सरळ बर्च किंवा पाइन फोडणाऱ्याला, ज्याची पाठ किंवा मनगट कुरकुरतं त्याला, विपुकिर्वेस पैसे वसूल करून देईल. उत्तर युरोप-अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी कुणी शेगडीसाठी पहिल्यांदाच कुऱ्हाड घेणार असेल, तर त्यानं आधी लांब दांड्याची, दोन किलोंच्या आतबाहेरच्या डोक्याची साधी फोडकुऱ्हाड, एक पोलादी पाचर आणि घण घ्यावा. विपुकिर्वेस नंतर, आणि तीही कुणाची तरी उसनी चालवून पाहिल्यावरच. आपल्याकडच्या घरांसाठी कुऱ्हाडीपेक्षा आयला हचिन्सनची चौकट मोलाची. ती ओतायला कोल्हापुरातल्या कुठल्याही ओतकामाच्या कारखान्याला अवघड नाही. दापोली आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ती बाभळीच्या आणि आंब्याच्या फोडींवर चालवून, आपल्या लाकडाला पाचरीचा कोन किती हवा ते ठरवून द्यावं, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.